डेटाबेसची जिवंत प्रत दुसऱ्या शहरात: पोस्टग्रेस रेप्लिकेशन सुरक्षितपणे उभारताना

पतसंस्था असो, पॅथॉलॉजी लॅब असो की ऑनलाइन साड्या विकणारं दुकान, सगळ्यांचा जीव शेवटी एका डेटाबेसमध्ये अडकलेला असतो. त्याची एक प्रत दुसरीकडे हवी, यावर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो 'दुसरीकडे' म्हणजे कुठे यावर. त्याच शहरातली दुसरी इमारत पुरेशी वाटत असेल, तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी या इमारतीतून त्या इमारतीत माणूस पोहोचत नव्हता.

या लेखासाठी धरून चालू की मुख्य सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, मुंबईत आहे आणि बॅकअप सर्व्हर, म्हणजे स्टँडबाय, हैदराबादला. दोन्हीकडे डेबियन किंवा उबुंटू लिनक्स, आणि डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस १६. आज्ञांची आणि सेटिंग्जची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. मशीनवर ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची. पोस्टग्रेसच्या नावांत दोन शब्दांमध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोअर असतो, वायरगार्डच्या नावांत शब्द जोडूनच लिहितात.

रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत चालणारी नक्कल, नुसतं सुरू करणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्यावर शेकडो लेख आहेत आणि बहुतेक बरोबरही आहेत. घोडं अडतं ते दुसरीकडे: डेटा कोणत्या रस्त्याने जातो, कोणत्या मशीनची चावी कोणत्या मशीनवर ठेवली आहे, आणि तिकडची प्रत थांबली तर इकडे ते कोणाला कळतं.

सुरुवातीलाच ठरवायचं

माझा एक आग्रह आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे: बॅकअप सर्व्हरने डेटा ओढून घ्यायचा, मुख्य सर्व्हरने ढकलायचा नाही. मुख्य सर्व्हर इंटरनेटसमोर उभा असतो, म्हणून हल्ला आधी तिथेच होतो. त्याच्यावर बॅकअप सर्व्हरची एसएसएच की (दुरून लॉगिन करायची चावी) पडलेली असेल, तर घुसलेला माणूस त्याच कीने पलीकडे जाऊन प्रतही पुसून टाकेल. रॅन्समवेअरवाले हेच करतात. पोस्टग्रेसचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन सुदैवाने ओढण्याच्याच पद्धतीने चालतं. स्टँडबाय स्वतः प्रायमरीला जोडतो आणि वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉग, मागून घेतो. प्रत्येक बदल मूळ फाइलींच्या आधी या लॉगमध्ये नोंदला जातो, आणि स्टँडबाय त्याच नोंदी आपल्याकडे पुन्हा लावत राहतो.

दुसरं, दोन्ही मशीन जुळी असू द्या. पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन एकच लागतं, हे न पाळल्यास स्टँडबाय सुरूच होत नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. न कळणारी गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची जीलिबसी लायब्ररी. तिच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, अक्षरांची क्रमवारी लावण्याचे नियम बदलले. एका बाजूला जुनी आणि दुसऱ्या बाजूला नवी जीलिबसी असेल, तर टेक्स्ट कॉलमवरचे इंडेक्स (शोधसूच्या) स्टँडबायवर गुपचूप चुकीचे ठरतात. रेकॉर्ड टेबलात असतो, पण शोधला तर सापडत नाही. एरर कुठेच नसते. म्हणून मुंबईला डेबियन १२ तर हैदराबादलाही डेबियन १२.

तिसरं, सिंक्रोनस की असिंक्रोनस? इतक्या अंतरावर असिंक्रोनसच ठेवा. सिंक्रोनसमध्ये प्रत्येक कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, हैदराबादहून होकार येईपर्यंत थांबतं, आणि एकुलता एक स्टँडबाय बंद पडला तर मुंबईतली कमिटंही लटकतात. बॅकअपपायी धंदा थांबवण्यात अर्थ नाही. काही सेकंदांचा डेटा जाण्याची शक्यता ही त्याची किंमत. ती मालकाला आधी सांगून ठेवा.

रस्ता

पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडायचा नाही. पासवर्ड कितीही लांब असला तरी नाही. दोन मशीनांमध्ये वायरगार्डचा बोगदा, म्हणजे एन्क्रिप्टेड खासगी जोडणी, टाका. तो मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आला आणि आता सगळीकडे सहज मिळतो. दोन्ही मशीनांवर आपापली किल्ल्यांची जोडी तयार करायची आणि फक्त पब्लिक की एकमेकांना द्यायची. प्रायव्हेट की ज्या मशीनवर जन्मली तिथेच राहते. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रायव्हेट की बाद समजा आणि नवी बनवा.

मुंबईला आतला पत्ता १०.८.०.१, हैदराबादला १०.८.०.२. मुंबईच्या मशीनवर यूडीपी ५१८२० उघडा. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट स्कॅन करणाऱ्याला तिथे काही असल्याचा पत्ता लागत नाही. 'अलाउड आयपीज'मध्ये समोरच्या मशीनचा एकच पत्ता द्या, शेवटी /३२ लावून. इंटरनेटवरच्या नमुन्यांत तिथे ०.०.०.०/० असतं. ते तसंच उचललं तर मशीनची सगळीच वाहतूक बोगद्यात वळते आणि तुमचं एसएसएच सेशन त्याच क्षणी गोठतं. हैदराबादचं मशीन नॅटमागे (राउटरच्या सामायिक पत्त्यामागे) असेल तर तिथे 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा.

आता फायरवॉल, आणि इथे दिशेचा आग्रह प्रत्यक्षात उतरतो. मुंबईला बोगद्याच्या इंटरफेसवर १०.८.०.२ कडून फक्त ५४३२ ला परवानगी. हैदराबादला बोगद्यातून नवं कनेक्शन आत येऊ द्यायचंच नाही. मुंबईहून हैदराबादला एसएसएच करून बघा. नाही झालं, तर जमलं.

प्रायमरीवर पोस्टग्रेसच्या 'लिसन अॅड्रेसेस'मध्ये लोकलहोस्ट आणि १०.८.०.१ एवढेच दोन पत्ते ठेवा आणि पोस्टग्रेस रीस्टार्ट करा. यात एक खोच आहे. मशीन रीबूट झालं आणि वायरगार्डचा इंटरफेस उभा राहण्याआधी पोस्टग्रेस सुरू झाला, तर तो दुसरा पत्ता त्याला मिळत नाही. लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते, लोकलहोस्टवर सगळं मजेत चालतं, वेबसाइट चालते, आणि रेप्लिकेशन मात्र त्या रात्रीपासून मेलेलं असतं. म्हणून सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) पोस्टग्रेसच्या सर्व्हिसला 'आफ्टर' लावून वायरगार्डच्या सर्व्हिसचं नाव द्या, आणि एकदा मुद्दाम रीबूट करून खात्री करा.

युजर, सर्टिफिकेट आणि एचबीए

रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर बनवा. त्याला फक्त लॉगिन आणि रेप्लिकेशन हे दोन अधिकार. नाव काहीही द्या, मी 'प्रत_हैद' धरतो. हा युजर सुपरयुजर नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रेप्लिकेशनचा अधिकार असलेला माणूस पूर्ण क्लस्टरची बेस बॅकअप घेऊ शकतो, म्हणजे प्रत्येक डेटाबेस, प्रत्येक टेबल आणि सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप). त्याला लिहिता येत नाही, पण वाचता सगळं येतं. पासवर्ड पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात बॅकस्लॅश-पासवर्ड या आज्ञेने द्या. त्यात हॅश तुमच्याच बाजूला तयार होऊन जातो, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये मूळ पासवर्ड उमटत नाही. आवृत्ती १४ पासून हॅश डिफॉल्टनेच स्क्रॅम पद्धतीचा असतो. जुन्या सर्व्हरवरून अपग्रेड करत आलेल्या मशीनवर एमडी५ उरलंय का, तेवढं बघा.

वायरगार्ड असताना टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारं, एसएसएलचंच नवं रूप) कशाला, असं विचारतात. मी दोन्ही ठेवतो. बोगद्याचं कॉन्फिगरेशन उद्या कोणी बदललं, तरी पोस्टग्रेसचं कनेक्शन स्वतःच्या पायावर सुरक्षित राहावं. मात्र टीएलएस लावलं एवढ्याने भागत नाही. 'एसएसएलमोड'चं डिफॉल्ट मूल्य 'प्रीफर' आहे. समोरून एसएसएल मिळालं नाही, तर ते निमूटपणे उघड्या कनेक्शनवर उतरतं. 'रिक्वायर' एन्क्रिप्शन करतं, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे एरवी तपासत नाही. आपल्याला हवं 'व्हेरिफाय-फुल'. त्यासाठी ओपनएसएसएलने स्वतःचं छोटं सर्टिफिकेट अधिकरण बनवा, त्याने प्रायमरीचं सर्टिफिकेट सही करा, आणि अधिकरणाची प्रायव्हेट की दोन्हीपैकी एकाही सर्व्हरवर ठेवू नका. सर्टिफिकेटमधलं नाव आणि स्टँडबाय ज्या नावाने जोडतो ते नाव तंतोतंत जुळायला हवं. हैदराबादच्या होस्ट्स फाइलमध्ये १०.८.०.१ ला 'डीबी-मुंबई' असं नाव देऊन तेच सर्टिफिकेटमध्ये वापरलं की झालं.

सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरमध्ये टाका. मुदत तपासली जाते ती फक्त कनेक्शन जुळताना. म्हणजे मार्चमध्ये संपलेलं सर्टिफिकेट जुळलेल्या कनेक्शनला काहीच त्रास देत नाही. मे महिन्यात नेटवर्क दोन मिनिटं जातं, स्टँडबाय पुन्हा जोडायला बघतो, आणि तेव्हा दार बंद असतं. कारण शोधणारा मग मे महिन्यातले बदल उकरत बसतो.

कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी एचबीए कॉन्फ फाइलमध्ये एक ओळ लागते. तिचे पाच रकाने असे:

होस्टएसएसएल | रेप्लिकेशन | प्रत_हैद | १०.८.०.२/३२ | स्क्रॅम-शा-२५६

दुसऱ्या रकान्यात 'ऑल' लिहून चालत नाही. 'ऑल'मध्ये रेप्लिकेशन धरलं जात नाही, आणि 'नो पीजी एचबीए कॉन्फ एन्ट्री फॉर रेप्लिकेशन कनेक्शन' हा बहुतेकांना भेटणारा निरोप त्यातूनच येतो. फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम असते. वर कोणी सगळ्या जगाला मोकळं करणारी ओळ टाकून ठेवलीय का, ते आत्ताच बघून घ्या. या फाइलसाठी रीलोड पुरतं.

पहिली प्रत

स्टँडबायवर पोस्टग्रेस बसवला की डेबियन स्वतःहून एक रिकामा क्लस्टर तयार करतं. बेस बॅकअपला डेटा डिरेक्टरी रिकामी लागते, म्हणून तो बंद करून त्याच्या फाइली बाजूला काढायच्या. 'बाजूला काढायच्या' असंच म्हणतोय, 'पुसायच्या' नाही.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत नेमक्या याच पायरीवर अनर्थ झाला. त्यांचा दुय्यम डेटाबेस मागे पडला होता, त्याला लागणारे वॉलचे तुकडे प्रायमरीवरून निघून गेले होते, म्हणून प्रत नव्याने घ्यायची होती. दुय्यम मशीनची डिरेक्टरी रिकामी करायची आज्ञा इंजिनिअरने दिली ती मुख्य मशीनवर. दोन-एक सेकंदांत लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग रोजचे डंप (डेटाबेसच्या बॅकअप फाइली) शोधले, तर तेही नव्हते. डेटाबेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे डंप रोज फसत होता. फसल्याचे ईमेलही पोहोचत नव्हते, कारण ते डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमात बसत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. हे सगळं गिटलॅबने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलंय.

म्हणून मूव्हची आज्ञा वापरा, डिरेक्टरीला नावापुढे '-जुनं' असं काही जोडून ठेवा आणि आठवड्याने पुसा. प्रायमरीचा शेल प्रॉम्प्ट लाल रंगाचा करा. एंटर दाबण्याआधी होस्टनेम बघा.

मग स्टँडबायवरून, पोस्टग्रेस युजर म्हणून, टीमक्समध्ये पीजी बेसबॅकअप चालवा. २०० जीबीचा डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून यायला साडेचार तास लागतात. तेवढ्यात तुमच्या घरचं वायफाय गेलं तर टीमक्स वाचवेल. पर्याय असे द्या: कॅपिटल आर, म्हणजे स्टँडबायची सेटिंग्ज आपोआप लिहिली जातात. कॅपिटल एक्सला 'स्ट्रीम', म्हणजे कॉपी चालू असतानाचे वॉलही सोबत येतात. कॅपिटल सी आणि कॅपिटल एस, म्हणजे दिलेल्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट, स्टँडबाय कुठवर आला याची प्रायमरीवरची नोंद, तयार होतो. कॅपिटल पी प्रगती दाखवतो. दिवसा चालवत असाल तर 'मॅक्स-रेट'ने वेग बांधा, नाहीतर ग्राहकांची साइट रांगेल. सुरुवातीला काही मिनिटं काहीच हलत नाही. घाबरू नका, तो प्रायमरीवरच्या चेकपॉइंटची (मेमरीतले बदल डिस्कवर उतरण्याची) वाट बघतोय. घाई असेल तर चेकपॉइंटचा 'फास्ट' पर्याय द्या.

कॉपी मध्येच तुटली तर स्लॉट मात्र प्रायमरीवर तसाच राहतो. दुसऱ्यांदा चालवताना 'स्लॉट आधीच आहे' अशी तक्रार येते, ती त्याचीच. जुना स्लॉट पीजी ड्रॉप रेप्लिकेशन स्लॉटने काढा आणि मग पुन्हा सुरुवात करा.

कॉपी पूर्ण झाल्यावर, पण पोस्टग्रेस सुरू करण्याआधी, पीजी व्हेरिफायबॅकअप चालवून फाइली धड आल्या का ते तपासा. मग कॅपिटल आरने सेटिंग्ज जिथे लिहिली ती ऑटो कॉन्फ फाइल उघडून बघा. पासवर्ड हाताने टाइप केला असेल तर तो तिथे साध्या अक्षरांत पडलेला असेल. तो काढून पीजीपास फाइलमध्ये हलवा आणि तिची परवानगी ०६०० ठेवा, नाहीतर पोस्टग्रेस ती फाइल विचारातच घेत नाही.

डेबियनवाल्यांसाठी आणखी एक: इथे कॉन्फिगरेशनच्या फाइली डेटा डिरेक्टरीबाहेर, ईटीसीमध्ये असतात. बेस बॅकअप त्यांना हात लावत नाही. 'मॅक्स कनेक्शन्स' आणि त्याच्यासारखी काही मूल्यं स्टँडबायवर प्रायमरीइतकी किंवा जास्त नसतील, तर तो सुरूच होत नाही. ती हाताने जुळवा.

स्लॉटला लगाम

स्लॉटमुळे प्रायमरी स्टँडबायसाठी लागणारे वॉल राखून ठेवते. गिटलॅबमध्ये वॉल निघून गेले तसं मग होत नाही. पण याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. स्टँडबाय चार दिवस बंद राहिला, तर १६ एमबीचे तुकडे साचत जातात, मुंबईतली डिस्क भरते आणि मुख्य डेटाबेसच बंद पडतो. बॅकअपने मूळच बुडवलं! आवृत्ती १३ पासून यावर 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' ही मर्यादा आहे, पण डिफॉल्टने ती उणे एक, म्हणजे अमर्याद असते. गर्दीच्या वेळी तासाला किती वॉल तयार होतो ते मोजा. पीजी करंट वॉल एलएसएनची किंमत (एलएसएन म्हणजे वॉलमधलं ठिकाण) तासाच्या अंतराने दोनदा घ्या, फरक पीजी वॉल एलएसएन डिफने मिळतो. समजा २ जीबी निघाला आणि २४ तासांचा खोळंबा सोसायचा आहे, तर ५० जीबी द्या. डिस्कवर तेवढी जागा कायम मोकळी हवी. मर्यादा ओलांडली तर स्लॉट 'लॉस्ट' होतो आणि प्रत पहिल्यापासून घ्यावी लागते. तो त्रास परवडला.

चालू आहे याची खात्री

प्रायमरीवर पीजी स्टॅट रेप्लिकेशनमध्ये 'स्ट्रीमिंग' दिसलं पाहिजे. त्याच प्रोसेस क्रमांकाने पीजी स्टॅट एसएसएल बघा, कनेक्शन खरंच एन्क्रिप्टेड आहे का ते तिथे कळतं. मागे पडल्याचं मोजमाप बाइटमध्ये घ्या: प्रायमरीचा सध्याचा एलएसएन वजा स्टँडबायचा रीप्ले एलएसएन. बरेच जण शेवटच्या ट्रान्झॅक्शनची वेळ बघतात. रात्री दोन वाजता कोणी काही लिहितच नसेल, तर ती वेळ जुनी होत जाते आणि फोन उगाच वाजतो. चार वेळा उगाच वाजलेला फोन पाचव्यांदा कोणी उचलत नाही. तपासणीच्या स्क्रिप्टला सुपरयुजर देऊ नका, पीजी मॉनिटर हा रोल पुरतो.

आणि इशारा फक्त 'बिघडलं' म्हणून नको. 'ठीक आहे' हा निरोप ठरल्या वेळी आला नाही, तरी तिसऱ्याच एखाद्या मशीनने ओरडलं पाहिजे.

चुकीचीही प्रत होते

वेअर (कोणत्या ओळी ते सांगणारी अट) न लावता चालवलेला डिलीट सेकंदाभरात हैदराबादलाही पोहोचतो. मशीन गेलं तर स्टँडबाय उपयोगी, माणूस चुकला तर नाही. त्यासाठी जुन्या क्षणाकडे परत जाता यायला हवं, म्हणजे जुनी बेस बॅकअप आणि तिच्यापुढचे सगळे वॉल. नेहमीचा मार्ग 'आर्काइव्ह कमांड'चा, पण तो ढकलण्याचा मार्ग आहे. मुख्य सर्व्हरवर पलीकडची चावी ठेवावी लागते. त्याऐवजी हैदराबादलाच पीजी रिसीव्हवॉल चालवा. तो स्वतःच्या वेगळ्या स्लॉटने वॉल ओढून साठवतो. बेस बॅकअप आठवड्यातून एकदा स्टँडबायवरूनच घ्या, मुंबईला ताण नाही आणि लाइनलाही. रिसीव्हवॉल जुने तुकडे स्वतः काढत नाही, ते काम पीजी आर्काइव्हक्लीनअपला लावा.

काही जण 'रिकव्हरी मिन अप्लाय डिले' दोन तासांवर ठेवून मुद्दाम मागे चालणारा स्टँडबाय ठेवतात. वॉल लगेच येतात, लागतात उशिरा. दुसरं मशीन परवडत असेल तर छान. एकुलत्या एक स्टँडबायवर मी हे करणार नाही.

बॅकअप मशीनची राखण

रस्त्यात एन्क्रिप्ट झालेला डेटा हैदराबादच्या डिस्कवर साध्या रूपातच उतरतो. म्हणून डेटाचं व्हॉल्यूम लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने, बंदिस्त करा. पूर्ण डिस्क नको, फक्त डेटाचं व्हॉल्यूम. मग रीबूटनंतर मशीन आणि एसएसएच आपोआप उभे राहतात आणि तुम्ही दुरून पासफ्रेज देऊ शकता. लॉगिन फक्त कीने, आणि प्रायमरीवरच्या कीपेक्षा वेगळ्या कीने. 'बॅकअपचंच तर मशीन' म्हणून अपडेट लांबवू नका, ग्राहकांची तीच नावं आणि तेच फोन नंबर इथेही आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्यात मूळ आणि प्रत असा भेद नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते याही मशीनचे.

सराव

दर तिमाहीला जुनी बेस बॅकअप आणि साठवलेले वॉल वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर उभे करा. ठरवलेल्या एका वेळेपर्यंत डेटाबेस आणा, आणि आदल्या दिवशीची एखादी पावती त्यात शोधून दाखवा. वेळ किती लागला ते लिहून ठेवा. मालक विचारणार तो आकडा हाच.

खऱ्या प्रसंगी स्टँडबायला पीजी प्रमोटने मुख्य करायचं, पण त्याआधी जुना प्रायमरी नक्की बंद असला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी लिहायला लागले तर डेटा दोन दिशांना जातो आणि तो पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य असतं. जुनं मशीन नंतर स्टँडबाय म्हणून परत घेण्यासाठी पीजी रिवाइंड आहे. पण त्याला डेटा चेकसम किंवा 'वॉल लॉग हिंट्स' आधीपासून चालू लागतं. दुसऱ्यासाठी रीस्टार्ट लागतो, त्यामुळे 'लिसन अॅड्रेसेस' बदलायला पोस्टग्रेस रीस्टार्ट करणार आहातच, त्याच वेळी तेही चालू करून टाका.